रांगेतल्या तिसऱ्यालाही शनी दिसला पाहिजे: घरासाठी पहिली दुर्बीण निवडताना

एकट्याने आकाश पाहणं आणि घरातल्या चार-पाच जणांनी एकाच दुर्बिणीतून आळीपाळीने पाहणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकटा माणूस आयपीसला (दुर्बिणीच्या आपल्याकडच्या छोट्या भिंगाला) डोळा लावून अर्धा तास शनीकडे पाहत बसू शकतो. कुटुंबात मात्र रांग लागते. एक जण पाहून बाजूला होतो, दुसरा वाकतो, त्याचा नळीला हात लागतो आणि तिसऱ्याची पाळी येईपर्यंत शनी दृश्यातून निघून गेलेला असतो. हा तिसरा बहुधा घरातला सगळ्यात लहान किंवा सगळ्यात वयस्कर सदस्य असतो. त्याला नुसतं काळं वर्तुळ दिसतं, तरी तो सगळ्यांच्या उत्साहाखातर "हो, दिसलं" म्हणतो आणि पुढच्या वेळी बाहेर येत नाही.

म्हणून घरासाठी दुर्बीण निवडताना एकच कसोटी लावावी असं माझं ठाम मत आहे: पहिल्याला जे दिसलं तेच रांगेतल्या तिसऱ्यालाही दिसेल का? व्यास, आरसा की भिंग, स्टँड, आयपीस, या सगळ्या बाबी या कसोटीवर घासून पाहिल्या की निवड बरीच सोपी होते.

आधी काही आठवडे दुर्बिणीशिवाय

दुर्बीण आकाशाचा फार लहान तुकडा दाखवते. ५० पटींवर दिसणारं वर्तुळ साधारण एक अंश रुंद असतं, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन पूर्णचंद्र जेमतेम मावतील एवढं. अनोळखी आकाशात एवढ्याशा वर्तुळातून काही शोधणं कठीण जातं. म्हणून दुर्बीण घरी येण्याआधी निदान दोघांना तरी दहा-बारा ठळक तारे नुसत्या डोळ्यांनी ओळखता यायला हवेत. मृग आणि त्याच्या मागोमाग उगवणारा व्याध, कृत्तिकांचा पुंजका, सप्तर्षी, सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की सापडणारा स्वाती, वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा, अभिजित-श्रवण-हंस यांचा मोठा त्रिकोण, एवढी ओळख पुरते. ग्रह सहसा लुकलुकत नाहीत आणि सूर्य-चंद्र ज्या पट्ट्यातून फिरतात त्याच पट्ट्यात असतात. या दोन खुणांवर मुलंसुद्धा त्यांना पटकन हेरतात. 'स्टेलॅरियम' हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. आज रात्री आठ वाजता आपल्या आकाशात काय असेल, ते त्यात संध्याकाळीच पाहून ठेवता येतं.

याच काळात एक बायनॉक्युलर हाताशी असेल तर फारच उत्तम. ७×५० किंवा १०×५० असा आकडा पाहा: पहिला आकडा किती पट ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. कृत्तिकांमध्ये नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, बायनॉक्युलरमधून कितीतरी जास्त. अंधाऱ्या जागेवरून देवयानी दीर्घिकेचा लांबट धूसर पट्टा दिसतो आणि हात नीट टेकवले तर गुरूचे चंद्रही. घरातली सगळीच मुलं सहा-सात वर्षांच्या आतली असतील, तर सध्या बायनॉक्युलरवरच थांबलात तरी चालेल. फक्त एक पाहून घ्या. लहान मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी असतं आणि पुष्कळ बायनॉक्युलर तेवढी मिटत नाहीत. मग मुलाला एकाऐवजी दोन वेगळी वर्तुळं दिसतात आणि ते कंटाळतं. घेण्याआधी ते मुलाच्याच डोळ्यांना लावून बघा.

व्यास आधी, पट नंतर

दुर्बिणीचं पहिलं काम मोठं करून दाखवणं नसून प्रकाश गोळा करणं आहे. अंधारात आपली बाहुली जास्तीत जास्त ७ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वय वाढतं तशी कमी उघडते. ७० मि.मी. व्यासाचं भिंग ७ मिलिमीटरच्या बाहुलीच्या शंभरपट प्रकाश गोळा करतं, १५० मि.मी.चा आरसा सुमारे साडेचारशे पट. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे आकड्यात किरकोळ वाटणारा फरक प्रत्यक्षात मोठा असतो: ७० आणि १३० मिलिमीटरमध्ये जवळजवळ साडेतीन पटींचा. बारकावे वेगळे दाखवण्याची क्षमताही व्यासावरच ठरते.

पट किती हे दुर्बिणीवर ठरत नाही, आयपीसवर ठरतं. नाभीय अंतर म्हणजे भिंग किंवा आरशापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचं अंतर. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर, एवढंच गणित. १२०० मि.मी.च्या दुर्बिणीला २५ मि.मी.चा आयपीस लावला की ४८ पट, १० मि.मी.चा लावला की १२० पट. कागदावर हा आकडा कितीही वाढवता येतो, पण उपयोगी मर्यादा साधारण व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट असते. ७० मि.मी.ची दुर्बीण १४० पटींपर्यंत काहीतरी दाखवेल, त्यापुढे चित्र मोठं आणि अंधूक होत जातं. मोठ्या दुर्बिणीलाही वातावरण आडवं येतं. बहुतेक रात्री २०० पटींच्या पुढे ग्रह पाण्याखाली असल्यासारखा हलतो. म्हणून ६० किंवा ७० मि.मी.च्या दुर्बिणीच्या खोक्यावर ५२५ किंवा ६७५ पट असं ठळक छापलेलं दिसलं, तर ते खोकं तिथेच ठेवा. जो उत्पादक दर्शनी बाजूवरच न पेलणारा आकडा छापतो, त्याने आत स्टँड आणि आयपीसही त्याच हिशेबाने दिलेले असतात.

घरच्या आकाशदर्शनात ३० ते १२० पट यातच जवळजवळ सगळं येतं. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा ४० पटींवर तो नुसत्या डोळ्यांनी पूर्णचंद्र दिसतो तेवढा दिसतो. हे ऐकून विश्वास बसत नाही, कारण काळ्या वर्तुळात तो लहानच भासतो. पण हिशेब तोच आहे. शनीची कडी ५० पटींवर ग्रहापासून सुटी, स्पष्ट दिसते.

आकाश सरकतं, आणि इथेच रांगेचा खरा प्रश्न आहे

पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकतं. साध्या आयपीसमधून ५० पटींवर एक अंशाचं वर्तुळ दिसतं असं धरलं, तर ग्रह एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे चार मिनिटं लागतात. १०० पटींवर दोन मिनिटं, २०० पटींवर एकच. ग्रह वर्तुळाच्या मध्यभागी आणून बाजूला झालात तर पुढच्याच्या वाट्याला याच्याही निम्मा वेळ येतो. एवढ्यात मुलाने स्टुलावर चढायचं, एक डोळा मिटायचा, आयपीसच्या नेमक्या मागे डोळा आणायचा आणि फोकस करायचा. दोनशे पटींवर हे होणं शक्यच नाही.

यातून तीन गोष्टी निघतात. घरच्यांसाठी कमी पट आणि रुंद दृश्य हवं. स्टँड असा हवा की हात लागला तरी दिशा बदलणार नाही. आणि वस्तू पुन्हा मध्यभागी आणणं इतकं सोपं हवं की दहा वर्षांच्या मुलालाही ते जमेल.

स्टँड: निम्मी दुर्बीण हीच

दुकानात भिंगाची चौकशी सगळे करतात, स्टँडची कुणी करत नाही. डगमगत्या तिपाईवरची उत्तम दुर्बीण मात्र कुटुंबाच्या काहीच उपयोगाची नसते. परीक्षा सोपी आहे. दुर्बीण दूरच्या एखाद्या वस्तूवर रोखा, आयपीसमधून पाहत नळीला हलकी टिचकी मारा. चित्राचं थरथरणं दोन-तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. पाच-सहा सेकंद चाललं तर फोकसच्या चाकाला प्रत्येक वेळी हात लावल्यावर तेवढंच थांबावं लागेल, आणि लहान मूल थांबत नाही.

वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा स्टँड, म्हणजे आल्ट-ॲझिमथ, कुणालाही न शिकवता कळतो. विषुववृत्तीय स्टँडचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. तो नीट लावला तर एकच चाक फिरवून ग्रहाचा पाठलाग करता येतो. छायाचित्रणासाठी तो उत्तम आहे. पण आरशाची दुर्बीण त्यावर असली की दिशा बदलेल तसा आयपीस कधी वर, कधी पाठीमागे, कधी अगदी जमिनीकडे तोंड करून येतो आणि दर वेळी नळी कड्यांमध्ये फिरवून घ्यावी लागते. पहिल्या दुर्बिणीसाठी, आणि तेही कुटुंबासाठी, मी विषुववृत्तीय स्टँड सुचवणार नाही.

मी सुचवेन तो डॉब्सोनियन. जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) हे सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रामकृष्ण संघाचे संन्यासी होते. जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे, पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवुडची पेटी, अशा साध्या सामानातून त्यांनी मोठ्या दुर्बिणी उभ्या केल्या. १९६७ मध्ये मठ सोडल्यावर ते त्या रस्त्याच्या कडेला मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवत राहिले. १९६८ मध्ये याच कामातून 'साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स' हा गट उभा राहिला. म्हणजे ही रचना वापरातून घडली तीच अनोळखी लोकांच्या रांगेसमोर. जमिनीवर बसलेली जड पेटी, त्यात टेकलेली नळी, ढकलली की जाते, सोडली की तिथेच थांबते. मुलांनी धक्का दिला तरी तिपाईचा पाय घसरून दुर्बीण कोसळण्याची भीती नाही.

मोटारीवर चालणारे, आकाशातल्या वस्तू स्वतः शोधणारे 'गो-टू' स्टँडही मिळतात. रांगेच्या दृष्टीने त्यांचा फायदा खरा आहे. ग्रह मध्यभागी टिकून राहतो आणि आजीआजोबांना सावकाश पाहता येतं. पण सुरुवातीला दोन-तीन तारे दाखवून त्यांची जुळणी करावी लागते, बॅटरी सांभाळावी लागते आणि काही स्टँड जोराने हलले तर जुळणी पहिल्यापासून करावी लागते. शिवाय त्याच पैशात व्यास कमी मिळतो. घरात वयस्कर किंवा हालचालींना त्रास असलेलं कुणी नियमित पाहणारं असेल तर मोटार जरूर घ्या. नाहीतर तो पैसा व्यासात घाला. अलीकडे फोनचा कॅमेरा ताऱ्यांवरून दिशा ओळखतो आणि पडद्यावर बाण दाखवतो, नळी आपण हाताने ढकलायची, अशाही दुर्बिणी मिळतात. मुलांना त्या आवडतात आणि आकाशही शिकवतात.

भिंग की आरसा

भिंगाची दुर्बीण काटक असते. आत काही जुळवावं लागत नाही, बाहेर काढली की लगेच चालते, दिवसा डोंगर-पक्षीही दाखवते. साध्या भिंगांत तेजस्वी वस्तूंभोवती जांभळी कडा दिसते, व्यासाच्या मानाने नळी आखूड असेल तेवढी जास्त. ७० मि.मी. व्यास आणि ७०० मि.मी. नाभीय अंतर, किंवा ९० आणि ९००, अशी दहापटीची जोडी असेल तर हा दोष फारसा जाणवत नाही.

आरशाची दुर्बीण न्यूटनने १६६८ मध्ये बनवली ती मुख्यतः हाच रंगदोष टाळण्यासाठी, कारण आरशातून परावर्तन होताना रंग वेगळे होत नाहीत. तेवढ्याच पैशात आरशाचा व्यास भिंगापेक्षा बराच मोठा मिळतो. बदल्यात दोन कामं येतात. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं. आणि प्रवासानंतर आरशांची जुळणी तपासावी लागते. एखादा ठळक तारा मुद्दाम फोकसबाहेर न्या. वर्तुळात वर्तुळं एककेंद्री दिसली तर सगळं ठीक, एका बाजूला दबलेली दिसली तर मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवून ती मध्यावर आणायची. पहिल्यांदा धास्ती वाटते, पण हात बसल्यावर पाच मिनिटांत होतं. नाभीय अंतर व्यासाच्या आठपट असलेली दुर्बीण या बाबतीत चूक सांभाळून घेते, पाचपट असलेली जास्त काटेकोर असते.

आरशाच्या दुर्बिणीत एक फसवा प्रकार ओळखून टाळा. माहितीत नाभीय अंतर १००० मि.मी. लिहिलेलं असतं, पण नळी त्याच्या निम्म्याहून आखूड दिसते. अशा दुर्बिणीत फोकसरच्या (आयपीस पुढे-मागे करणाऱ्या भागाच्या) नळीत एक जादा भिंग बसवलेलं असतं. स्वस्त दुर्बिणींत या भिंगामुळे चित्र मऊ येतं आणि आरशांची जुळणीही धड करता येत नाही. न्यूटनच्या साध्या रचनेत नळीची लांबी नाभीय अंतराच्या जवळपास असते, त्यामुळे नुसत्या नजरेनेही संशय घेता येतो. १३० मि.मी. व्यास आणि ६५० नाभीय अंतर असलेल्या दुर्बिणीचा आरसा पॅराबोलिक, म्हणजे परवलयाकार, आहे ना, हेही विचारा. या प्रमाणात गोलीय आरसा ग्रहांची धार बोथट करतो.

माकसुटोव्ह हा तिसरा प्रकार भिंग-आरसा मिळून बनतो. तो आखूड, बंद आणि सुबक असतो. चंद्र-ग्रहांसाठी फार छान, पण दृश्य अरुंद आणि थंड व्हायला वेळ घेणारा.

मग नेमकी कोणती?

घर आणि मोकळी जागा एकाच पातळीवर असेल, ठेवायला कोपरा असेल आणि पंधरा-सतरा किलो वजन दोन फेऱ्यांत उचलता येत असेल, तर १५० मि.मी. व्यासाची, १२०० मि.मी. नाभीय अंतराची डॉब्सोनियन घ्या. माझ्या मते कुटुंबासाठी याहून चांगली पहिली दुर्बीण नाही. ती थेट डोक्यावर रोखली तरी आयपीस साधारण चार फुटांच्या आसपास राहतो. सात-आठ वर्षांचं मूल उभं राहून आणि मोठी माणसं खुर्चीवर बसून पाहू शकतात. २०० मि.मी.ची आणखी पुष्कळ दाखवते, पण वजन आणि आकार एकदम वाढतो. जिने चढायचे असतील तर तिचा मोह टाळा.

जागा कमी आहे, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून अंधाऱ्या ठिकाणी न्यायची आहे, तर ११४ ते १३० मि.मी.ची टेबलावर ठेवायची छोटी डॉब्सोनियन पाहा. तिचं टेबल मात्र दुर्बिणीइतकंच महत्त्वाचं. प्लास्टिकचं हलकं टेबल चालणार नाही. जाड लाकडाचं, तीन पायांचं बुटकं स्टूल सगळ्यात चांगलं, कारण तीन पाय उंचसखल जमिनीवरही हलत नाहीत. त्या उंचीवर मुलं जमिनीवर बसून आरामात पाहतात.

बाल्कनीतूनच पाहायचं आहे, भोवती दिव्यांचा झगमगाट आहे, म्हणजे मुख्यतः चंद्र, ग्रह आणि जोडतारेच पाहायचे आहेत, तर ९० ते १०२ मि.मी.ची भिंगाची दुर्बीण किंवा माकसुटोव्ह घ्या. स्टँड आल्ट-ॲझिमथ असावा आणि त्याला हळू सरकवणारी दोन चाकं असावीत. भिंगाच्या दुर्बिणीत आयपीस खालच्या टोकाला येतो, म्हणून ९० अंशात वळवणारा डायगोनल हवाच. ४५ अंशांचा डायगोनल जमिनीवरच्या वस्तूंसाठी असतो. उंचावरच्या ग्रहाकडे त्यातून पाहताना मान अवघडते.

पडद्यावरच चित्र दाखवणाऱ्या, आयपीस नसलेल्या स्मार्ट दुर्बिणींबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. त्या तेजोमेघांची रंगीत चित्रं सुरेख देतात आणि रांगेचा प्रश्नही मिटवतात. पण शनीवरून निघालेला प्रकाश तासाभराचा प्रवास करून थेट आपल्या डोळ्यात शिरतो आहे, हा अनुभव त्यात नाही. मुलांची पहिली ओळख डोळ्यांनी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आयपीस, फाइंडर आणि चष्मा

सोबत बहुधा २५ आणि १० मि.मी.चे आयपीस येतात. ते १.२५ इंची असावेत. ०.९६५ इंची बारीक आयपीस असलेली जुनी किंवा फार स्वस्त दुर्बीण नको, तिला चांगले आयपीस मिळणं अवघड. आयपीसवर केलनर किंवा प्लॉसल लिहिलेलं असेल तर चांगलं. 'एच' किंवा 'एसआर' हे अक्षर आणि पुढे आकडा असेल, विशेषतः 'एसआर ४', तर तो आयपीस बाजूला ठेवायचा.

प्लॉसलचं नाभीय अंतर जितकं कमी, तितका डोळा काचेच्या जवळ न्यावा लागतो. ६ मि.मी.च्या प्लॉसलमध्ये पापण्या काचेला लागतात आणि मुलं वैतागतात. त्याऐवजी दुपटीचं बार्लो भिंग घ्या. १० मि.मी.चा आयपीस ५ मि.मी.चं काम करतो आणि डोळा आरामात राहतो. ६५० मि.मी.च्या दुर्बिणीला बार्लो जवळजवळ लागतोच, नाहीतर ग्रहांसाठी ६५ पटींवर थांबावं लागतं. १२०० मि.मी.च्या दुर्बिणीला आधी ३२ मि.मी.चा आयपीस घ्यावा, म्हणजे ३७-३८ पटींचं ऐसपैस दृश्य मिळतं.

चष्म्याचा नंबर फक्त जवळचा किंवा लांबचा असेल तर चष्मा काढून फोकस बदलला की झालं. नंबर तिरका, म्हणजे सिलिंड्रिकल असेल तर चष्मा लावूनच पाहावं, आणि त्यासाठी आयपीसपासून डोळा १५ मि.मी. किंवा जास्त दूर ठेवता येईल असा आयपीस हवा.

फाइंडर, म्हणजे नळीवर बसणारं नेम धरायचं साधन, लाल ठिपक्याचा घ्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका ताऱ्यावर टेकवला की नळी तिकडे रोखली जाते, त्यामुळे मुलं स्वतः वस्तू शोधू शकतात. तो दिवसा जुळवायचा. काहीशे मीटर दूरच्या मनोऱ्याचं टोक आयपीसच्या मध्यभागी आणा, मग ठिपका त्याच टोकावर येईपर्यंत स्क्रू फिरवा. सूर्य पाठीमागे असेल अशी दिशा निवडा.

वापरलेली दुर्बीण मिळत असेल तर जरूर पाहा. आरशावर थोडी धूळ असणं चालतं. जाळीसारखी बुरशी किंवा निघालेला मुलामा मात्र नको. फोकसर पूर्ण फिरवून पाहा आणि वर सांगितलेली टिचकीची परीक्षा करा. आणि शक्य असेल तर एखाद्या हौशी गटाच्या आकाशदर्शनाला सगळे मिळून जा. दोन-तीन प्रकारच्या दुर्बिणींतून एकाच रात्री पाहिल्यावर जे कळतं, ते कुठल्याही लेखातून कळणार नाही.

पहिली रात्र

शुक्ल पक्षातली सप्तमी ते दशमी यातली संध्याकाळ निवडा. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट दिसतो, कारण सूर्यप्रकाश समोरून पडतो. अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर अष्टमी-नवमीनंतर उजेडात येतं तेव्हा त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती आणि मधली शिखरं दिसतात. चंद्राच्या उजेडाने डोळ्यांना इजा होत नाही, पण दिपतात. जवळ एखादा दिवा चालू ठेवला की पुरे, वेगळा फिल्टर लगेच घ्यायला नको.

दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर ठेवा. खिडकीच्या काचेतून किंवा तापलेल्या पत्र्यावरून पाहू नका, चित्र उकळल्यासारखं हलतं. सगळ्यात कमी पटीचा आयपीस लावा. रांग सुरू करण्याआधी प्रत्येकाला फोकसचं चाक दाखवा आणि अंधारातसुद्धा बोटांना सापडेल इतकं ओळखीचं होऊ द्या. प्रत्येकाचा फोकस वेगळा असतो, आणि ते चाक फिरवायचं धाडस न झाल्यामुळे कितीतरी जण धूसर चित्र पाहूनच बाजूला होतात. लहानांना हात पाठीमागे बांधून पाहायला सांगा किंवा धरायला खुर्चीची पाठ द्या, म्हणजे ते नळी धरणार नाहीत.

ग्रह दाखवताना तो मध्यभागी ठेवू नका. तो कोणत्या कडेने बाहेर जातो ते आधी पाहा आणि समोरच्या, म्हणजे येण्याच्या कडेजवळ आणून बाजूला व्हा. पुढच्याला ग्रह आत येताना दिसेल आणि पूर्ण वेळ मिळेल. दर दोन जणांनंतर स्वतः एकदा डोकावा.

"दिसलं का?" असं विचारू नका. गुरू असेल तर "किती ठिपके आहेत आणि कोणत्या बाजूला किती?" असं विचारा. उत्तर आलं म्हणजे दिसलं. कागदावर एक गोल काढून ठिपके मांडायला सांगा. आयओ गुरूभोवती सुमारे ४२ तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे दोन-तीन तासांनी पुन्हा पाहिलं तरी चित्र बदललेलं असतं. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने अशीच रोजची टिपणं करून हे चंद्र गुरूभोवती फिरतात हे ओळखलं, आणि तेही तुमच्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी साध्या दुर्बिणीतून.

मुलांना आधीच खरं काय ते सांगून ठेवा. शनी लहान दिसेल, पण कडी रेखीव दिसतील. २०२५ मध्ये ती आपल्याला काठावरून, जवळजवळ रेषेसारखी दिसत होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सगळ्यात रुंद दिसतील. मंगळ दर २६ महिन्यांनी येणाऱ्या प्रतियुतीच्या (तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो तेव्हाच्या) आसपासच बघण्यासारखा असतो, एरवी तांबूस ठिपका. शुक्र चंद्रासारख्या कला दाखवतो. तेजोमेघ आणि दीर्घिका करड्या दिसतात, कारण मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. मृगातला तेजोमेघ, ययातीतला जोडगुच्छ, शौरीतला गोलाकार तारकागुच्छ यांच्यासाठी वीस-तीस मिनिटं अंधारात काढा, लाल दिवाच वापरा, आणि वस्तूकडे थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवा. चंद्र-ग्रहांसाठी मात्र मुलांना अंधारात ताटकळत ठेवायची गरज नाही. रंग पाहायचे असतील तर हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ दाखवा. एक तारा सोनेरी, एक निळसर, आणि शहरातूनही दिसतात. सप्तर्षींतला अरुंधतीचा सोबती वसिष्ठ दुर्बिणीतून स्वतःच दोन तारे होऊन उघडतो, हे पाहताना मोठी माणसंसुद्धा आयपीस सोडत नाहीत.

पुढचे महिने, आणि सूर्य

पहिले काही महिने नवीन काही विकत घेऊ नका. अपवाद एकच, उंची कमी-जास्त करता येणाऱ्या खुर्चीचा. बसून पाहणाऱ्याचा डोळा स्थिर राहतो आणि त्याला उभ्या माणसापेक्षा खरोखरच जास्त बारकावे दिसतात. आरसा किंवा भिंग पुसत बसू नका, ब्लोअरने धूळ उडवा. दव पडलं असेल तर झाकण न लावता आधी घरात सुकू द्या.

दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिलं तरी डोळा कायमचा जातो, आणि त्या क्षणी दुखतही नाही. हे घरातल्या प्रत्येकाला, अगदी लहानातल्या लहानालाही, पहिल्या दिवशी सांगा. दुर्बीण दिवसा मुलांच्या ताब्यात एकटी ठेवू नका आणि उन्हात उघडी ठेवू नका. आयपीसला लावायचा काळा 'सन' फिल्टर सोबत आला असेल तर तो फोडून टाका, कारण एकवटलेल्या उष्णतेने तो पाहता पाहता तडकतो. सूर्यावरचे डाग किंवा ग्रहण पाहायचं असेल तर नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा, खास दुर्बिणीसाठी बनवलेला सौर फिल्टरच घ्या. दर वेळी तो उजेडासमोर धरून टाचणीएवढंही छिद्र किंवा चरा नाही याची खात्री करा, वाऱ्याने उडू नये म्हणून चिकटपट्टीने बांधा आणि फाइंडर काढून ठेवा किंवा झाका. रांग संपेपर्यंत एक मोठा माणूस दुर्बिणीशेजारून हलता कामा नये.